वेदी आणि वही

शाळामास्तराच्या घरी दिवाळीनंतर लग्नपत्रिकांचा ढीग पडतो. तुळशीचे लग्न लागले की आमच्या नृसिंहवाडीत आणि कृष्णेकाठच्या गावांत मांडव उभे राहू लागतात. पाढे आले नाहीत म्हणून ज्यांना आपण एकेकाळी बाकावर उभे केले, तीच मुले मुंडावळ्या बांधून नमस्काराला वाकतात. अशा शेकडो लग्नांत मी अक्षता टाकल्या, जेवलो आणि धावत शेवटची एस. टी. गाठली. पण कुणाच्या लग्नात मला सही करावी लागली नव्हती. ती वेळ आली कोल्हापुरात, माझ्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या लग्नात.

आदल्या दिवशी हळद लागली होती. मुलगी पांढऱ्या साडीत, हातात हिरवा चुडा. पेटी-तबल्यावर मराठी भजने चालली होती आणि डोळे मिटून ऐकले तर आपण वाडीच्या देवळातच बसलो आहोत असे वाटावे! पाळकांनी वराला विचारले, वधूला विचारले. दोघांनी सर्वांसमक्ष होकार दिला. अंगठ्या झाल्या, मंगळसूत्र झाले, आशीर्वाद झाला. मला वाटले, लग्न लागले. आता जेवणाची पंगत. तोच सगळी मंडळी वेदीच्या बाजूला ठेवलेल्या एका टेबलाकडे वळली. टेबलावर एक भली मोठी वही उघडून ठेवली होती.

मुलीचे वडील गर्दीतून वाट काढीत माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, साक्षीदाराची सही तुमचीच पाहिजे बघा."

मी म्हटले, "अहो, मी दत्ताच्या गावचा माणूस. माझी सही इथे कशी चालेल?"

पाळक हसले. "साक्षीदार विश्वासू पाहिजे, एवढेच कायदा म्हणतो, गुरुजी. तो कोणत्या देवाला हात जोडतो ते विचारत नाही."

मी पेन घेतले. सही करताना लक्षात आले की मुलीचे वडील माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, पेनाच्या टोकाकडे पाहत होते. शाई वाळेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. त्याचे कारण मला ठाऊक होते. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न काही वर्षांपूर्वी घाईने झाले होते. पाहुण्यांच्या गावी अंगणात मांडव घातला, प्रार्थना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी शास्त्रवचन वाचले, आशीर्वाद दिला, लोक जेवून गेले. त्या गृहस्थांजवळ लग्न लावण्याचा परवाना नव्हता, आणि तो असावा लागतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. दोन वर्षांनी जावई फिरला आणि म्हणाला, आमचे लग्न झालेलेच नाही. पोर पदरात घेऊन मुलगी माहेरी आली. पोटगी मागायला गेली तर पहिला प्रश्न आला, लग्नाचा दाखला कुठे आहे? शंभर माणसे जेवली होती, पण कागद एकही नव्हता. वडिलांनी हेलपाटे घातले आणि शेवटी नाद सोडला.

त्या दिवसापासून मला या दोन गोष्टींचे, वेदीचे आणि वहीचे, नाते समजून घ्यावेसे वाटू लागले. जसजसे वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की या वहीमागे काही शतकांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही पाने आपल्या मराठी मुलखातच लिहिली गेली आहेत.

आपल्याकडे हिंदूंच्या लग्नात भट, अग्नी आणि सप्तपदी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला, असे मानले. नोंदणी ही निराळी गोष्ट, निराळ्या कचेरीत, निराळ्या दिवशी. ख्रिस्ती लग्नात मात्र धर्म आणि सरकार एकाच छताखाली, एकाच तासात, बहुधा एकाच माणसाच्या हातून आपापले काम करतात. पाळक वेदीपाशी देवाचा सेवक असतो आणि चार पावले चालून टेबलापाशी आला की सरकारी नोंद करणारा होतो.

हे आरंभापासून असे नव्हते. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ही कथा शुभवर्तमानात आहे. पण ते लग्न कुणी लावले, कोणत्या विधीने लावले, याविषयी तिथे एक अक्षर नाही. रोमन लोकांचे तत्त्व असे की स्त्रीपुरुषांची संमती हेच लग्न. पुढे ख्रिस्ती धर्मपीठानेही ते तत्त्व उचलले. रोमन कॅथलिक पंथात विवाह हा सात संस्कारांपैकी एक, पण मौज अशी की हा संस्कार देणारे वधूवर स्वतःच असतात. धर्मगुरू हा मंडळीच्या वतीने उभा राहिलेला साक्षीदार.

तत्त्व उदात्त खरे, पण त्याच्या आडून घात होऊ लागले. दोघांनी एकांतात शब्द दिला की धर्मदृष्ट्या लग्न झाले. उद्या पुरुषाने शब्द फिरवला तर बाईने साक्षीला कुणाला आणावे? म्हणून १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने ठरवले की लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा व्हावी, म्हणजे कुणाला हरकत असेल तर ती पुढे येईल. तेवढ्याने भागले नाही. शेवटी १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केला की धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर झाले तरच ते लग्न, आणि धर्मगुरूने त्याची वही ठेवावी. हा नियम आपल्या किनाऱ्याला यायला फार वर्षे लागली नाहीत. गोवा आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती आणि १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली.

मार्टिन ल्यूथरने निराळा सूर लावला होता. विवाह देवाला मान्य आणि पवित्र आहे, पण त्याची व्यवस्था ही संसारी बाब आहे, ती राज्यकर्त्यांनी पाहावी, असे त्याने १५२९ साली लिहिले. इंग्लंडात तर लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जबाजारी पाद्री चार पैसे घेऊन वाटेल त्याचे लग्न लावून देत. ना घोषणा, ना चौकशी! १७५३ साली लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्याने त्याला आळा घातला. थोरल्या मुलीच्या अंगणातला मांडव आठवला की मला ते फ्लीटचे पाद्री आठवतात. माणसे आणि मुलूख निराळे, पण फसगत तीच, आणि फसणारी बहुधा बाईच.

आता आपल्या देशाकडे येऊ. हिंदुस्थानात इंग्रजांच्या मागोमाग इंग्लंडचे, स्कॉटलंडचे, अमेरिकेचे असे नाना पंथांचे मिशनरी आले. कुणी लावलेले लग्न कायदेशीर, यावर त्यांच्यातच वाद. तो मिटवण्यासाठी १८७२ साली भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा झाला. थोड्याफार दुरुस्त्यांनिशी तोच आजही चालू आहे. वधूवरांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला तरी ते लग्न या कायद्याप्रमाणेच, त्याने नेमून दिलेल्या माणसाकडून लागले पाहिजे. अशी माणसे पाच प्रकारची: बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेले धर्मगुरू, स्कॉटलंडच्या चर्चचे पाळक, सरकारी परवाना मिळालेले इतर पाळक, सरकारने नेमलेला विवाह-निबंधक, आणि भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे दाखले देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. स्कॉटलंडचे नाव निराळे का, तर जुन्या भांडणाची ती खूण! आपल्या भागातल्या अमेरिकन मिशनऱ्यांना मात्र तिसऱ्या दारातूनच, म्हणजे परवाना घेऊनच यावे लागे.

या कायद्याचे बारकावे वाचण्यासारखे आहेत. आधी लेखी सूचना द्यायची, ती चर्चमध्ये सर्वांना दिसेल अशी लावायची. दाखला मिळाल्यापासून दोन महिन्यांत लग्न लावायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पाळक सोडून किमान दोन साक्षीदार हवेत. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. त्यातून बिशपच्या खास परवान्याला आणि कॅथलिक धर्मगुरूंना काही सूट आहे. आमचा गोरज मुहूर्त त्यात कसाबसा बसेल, मध्यरात्रीचा मुहूर्त मात्र बसायचा नाही. हे बंधन गमतीचे वाटते, पण चोरून लागणारी लग्ने रात्रीच लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातला शहाणपणा कळतो.

आणखी एक गोष्ट मला फार माणुसकीची वाटली. सूचनेत चूक झाली, वेळ टळली, जागा चुकली, नोंदीत गफलत झाली, तर एवढ्यावरून लागलेले लग्न रद्द होत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. साध्या माणसांच्या हातून विधीत चूक व्हायचीच, हे तो ओळखून आहे. पण ज्याला अधिकारच नाही अशाने लावलेल्या लग्नाला तो क्षमा करीत नाही. असे लग्न निरर्थक ठरते, आणि जाणूनबुजून ते लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. थोरल्या मुलीचे तारू नेमके याच खडकावर फुटले.

आणि आमच्या कोल्हापूरचे काय? रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. त्याच्या नावाचे चर्च शहरात आजही आहे. पण १८७२ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. संस्थानांत तो फक्त राणीच्या ख्रिस्ती प्रजाजनांपुरता लागू होता. म्हणजे पुण्याहून आलेल्या ख्रिस्ती कारकुनाचे लग्न कोल्हापुरात त्या कायद्याखाली यायचे, आणि कोल्हापूरच्या मातीत जन्मलेला ख्रिस्ती शेतकरी छत्रपतींचा प्रजाजन म्हणून त्याच्या शब्दांबाहेर राहायचा! शेजारी मिरज, सांगली, कुरुंदवाड ही सारी संस्थानेच. एकाच मंडळीत शेजारी शेजारी बसून तीच भजने म्हणणाऱ्या दोन माणसांची लग्ने कायद्याच्या नजरेत निराळी. तिथे वेदी एक होती, पण वहीला दोन धनी होते.

संस्थानांत विवाहाचा विचार होत नव्हता असे मात्र नाही. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. लग्न म्हणजे केवळ जातीचा आणि भटाचा प्रश्न नव्हे, राजाने पाठीशी उभे राहण्याचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तेव्हाची ती दुहेरी रीत इतिहासजमा झाली.

परंतु वेदी आणि वही यांच्या कात्रीत सापडलेले महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध लग्न चर्चमध्ये लागलेले नव्हते. ते १८८० साली ब्राह्मणी पद्धतीने, अग्नीच्या साक्षीने लागले होते. वर नारायण वामन टिळक, वधू लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. आता या लग्नाचे काय?

कायद्याजवळ उत्तर तयार होते. धर्मांतर केलेल्या माणसाचा विवाह मोडण्याविषयी १८६६ सालीच एक कायदा झाला होता. त्याचे मूळ संत पौलाच्या पत्रात आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार आपण होऊन निघून गेला तर विश्वासणारा बांधलेला नाही, असा त्याचा आशय. कायद्याने त्याला कचेरीचे रूप दिले. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला नकार देत असेल तर कोर्टात अर्ज करावा, न्यायाधीशाने विचारपूस करावी, मग एक वर्ष थांबावे, आणि तरीही नकार कायम असेल तर विवाह मोडावा व दोघांना पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळावी. ते थांबण्याचे एक वर्ष कुणा शहाण्या माणसाने घातले असले पाहिजे. राग वर्षभरात निवतो, हे त्याला ठाऊक असणार.

टिळकांनी त्या वाटेने पाऊल टाकले नाही. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरास. त्यांनी सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. ताटातूट झाली, पुन्हा एकत्र येणे झाले, सोवळेओवळे हळूहळू गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पुन्हा लग्न लावण्याचे कायद्याने काही कारण नव्हते. अग्नीसमोरचा तो जुना करार कायमच होता. धर्म बदलला, गोत तुटले, तरी लग्न उभे राहिले. ते वेदीने राखले की वहीने? मला वाटते, दोघांपैकी कुणीच नव्हे. ते त्या दोन हट्टी आणि प्रेमळ माणसांनी राखले. कायद्याने दार उघडे ठेवले होते. त्यातून बाहेर न पडणे हा त्यांचा निर्णय.

याच्या अगदी उलट उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १३ नोव्हेंबर १८८० रोजी बांकीपूरला त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. वर निराळ्या जातीचा, निराळ्या प्रांताचा. विधी लावणार कोण? त्यांनी १८७२ च्याच दुसऱ्या एका कायद्याखाली नोंदणी केली. त्या कायद्याची अट अशी की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे दोघांनी जाहीर करायचे. म्हणजे वहीत नाव घालायचे तर वेदीचा त्याग करा! दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच मेधावी वारले. रमाबाई पुढे १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. धर्म नाकारल्याखेरीज नोंद नाही ही अट शेवटी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने पुरती संपवली. आज दोन धर्मांची माणसे आपापला देव न सोडता निबंधकापुढे लग्न करू शकतात.

गोव्यात तिसरीच तऱ्हा. तिथे पोर्तुगीज कायद्याचा वारसा १९६१ नंतरही राहिला. कॅथलिक जोडपे आधी सरकारी निबंधकाकडे जाते, सही करते, ना-हरकत दाखला घेते, आणि मगच पाद्री लग्न लावतो. त्याची नोंद पुन्हा सरकारी दप्तरी जाते. तिथे वही वेदीच्या आधी उघडते.

लग्न लागण्याच्या वेळी वेदी आणि वही हातात हात घालून चालतात. मोडण्याच्या वेळी मात्र त्यांची वाट फुटते. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीने मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा परित्याग, असे दुहेरी सिद्ध करायचे. सव्वाशे वर्षे हे चालले! १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनेविरुद्ध ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून स्त्रीपुरुषांना सारखी कारणे दिली, परस्परसंमतीची वाटही उघडली. दुसऱ्या बाजूने, कॅथलिक धर्मन्यायालय विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय देऊ शकते. पण त्या निर्णयाने सरकारी वहीतले लग्न पुसले जात नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. धर्माने मोकळा झालेला माणूस कोर्टाचा हुकूमनामा न घेता दुसरे लग्न करू गेला तर कायद्याने गुन्हेगार ठरू शकतो. आणि कोर्टाने मोकळा झालेला कॅथलिक आपल्या मंडळीच्या दृष्टीने बांधलेलाच राहू शकतो.

मग या दोहोंतले खरे लग्न कोणते? पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, कागद तेवढा खरा. पुष्कळ भाविक म्हणतात, देवासमोरचा शब्द तेवढा खरा, कागदाचे काय? मी शाळामास्तर, मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. माणसे नांदतात ती शब्दावर, रजिस्टर वाचून कुणी संसार करीत नाही. पण शब्द ज्याने दिला तोच फिरला, तर ज्याला दिला त्याच्या हातात काहीतरी उरले पाहिजे. वही ही सुखाच्या दिवसांसाठी नसतेच. छत्री जशी उन्हापावसासाठी, तशी ती वाईट दिवसासाठी. धर्मपरिषदांनी आणि सरकारांनी एवढी शतके खटपट केली ती प्रेमावर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याचे कुणी ऐकणार नाही त्याच्या बाजूने एक कागद तरी बोलावा म्हणून.

कोल्हापूरच्या त्या लग्नात सह्या झाल्यावर मंडळी जेवायला उठली. मी चष्मा राहिला म्हणून मागे वळलो, तर टेबलापाशी थोरली मुलगी उभी होती. कडेवर तिचा मुलगा. ती वहीतली ओळन् ओळ बोट फिरवून वाचत होती. दोघांची नावे, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, बापाचे नाव, साक्षीदार. मला पाहून म्हणाली, "गुरुजी, तुमची सही नीट वाचता येतीय. बरं झालं."

आयुष्यात माझ्या अक्षराची अशी तारीफ कुणी केली नव्हती. मी काहीच बोललो नाही. पाळक आले, त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. आम्ही तिघे जेवायला गेलो.